मिठाईच्या खोक्याला चिकटलेल्या प्लॅस्टिकचं काय?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. दिवाळीच्या आधी मिठाईच्या खोक्यांच्या ऑर्डरी प्रेसमध्ये लागायला लागल्या की त्यात बदल करायला फार वेळ उरत नाही, म्हणून हे आधीच लिहितेय. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची प्लॅस्टिकची पन्नी देशभर बंद झाली, चांगलंच झालं, पण तशीच फिल्म गोंद लावून थेट पुठ्ठ्यावर चिकटवली, म्हणजे लॅमिनेशन केलं, तर तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गुंडाळलेली पन्नी निदान हाताने काढता तरी यायची, ही निघतच नाही. घरी आलेला चकचकीत खोका फाडून बघा, पुठ्ठा फाटतो आणि वरची फिल्म ताणली जाऊन लोंबत राहते. कागद गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून लगदा करतात, पण फिल्मच्या बाजूने पाणीच आत शिरत नाही आणि शेवटी फिल्मचे तुकडे निघतात ते सोबत चांगला लगदाही घेऊन जातात.

दुकानदार म्हणतात, लॅमिनेशन नसलं तर तुपाचे डाग पडतात. अहो पण तूप आतून येतं आणि लॅमिनेशन बाहेरून असतं! पुठ्ठा तूप पितोच, फक्त वरून दिसत नाही एवढंच. त्यापेक्षा आत चांगला बटर पेपर घाला. आणि आतली बाजू करडी असलेला ग्रे-बॅक डुप्लेक्स पुठ्ठा मिठाईला थेट लागू देऊ नका, तो रद्दीपासून बनतो, जुन्या छपाईच्या शाईतलं मिनरल ऑइल त्यात उरलेलं असू शकतं आणि काजूकतलीसारख्या तुपकट पदार्थात ते उतरू शकतं.

लॅमिनेशन मागण्याचं खरं कारण वेगळंच असतं, गडद रंगाचा सॉलिड, म्हणजे सलग भरीव पट्टा, छापला की घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसते. पण त्यावर उपाय आहेत, पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, मुख्य घडीच्या दिशेने ठेवा, क्रीझिंग, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घेणं, नीट करून घ्या, घडीवर गडद रंग आणू नका आणि वरून पाण्यावर आधारित कोटिंग मारा.

सोनेरी हवंच असेल तर ज्याच्यावर अख्खी चंदेरी पॉलिस्टर फिल्म बसवलेली असते तो मेटपेटचा पुठ्ठा घेऊ नका, फक्त नावावर नाहीतर बॉर्डरवर हॉट फॉइल मारा, म्हणजे गरम ठशाने सोनेरी थर उमटवा. फॉइलच्या रोलची पॉलिस्टर मशीनवरच परत गुंडाळली जाते, खोक्यावर उतरतो तो अगदी पातळ थर. साध्या ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) पुठ्ठ्यावर खोल एम्बॉसिंग करून उठवलेला मोदक किंवा कमळ बघा कधी, अंगठा फिरवला की उठाव हाताला लागतो, मला तरी ते चकाकीपेक्षा कितीतरी श्रीमंत वाटतं.

गुंडाळलेल्या पन्नीसारखाच चिकटवलेल्या फिल्मलाही सरकारने नियम लावावा अशी माझी मागणी आहे. तोपर्यंत मिठाईवाल्यांनी प्रिंटरला "लॅमिनेशन नको, कोटिंग द्या" एवढं तरी सांगावं, आणि आपण गिऱ्हाइकांनी काउंटरवर साधा खोका मागून घ्यावा.

— एक पॅकेजिंग डिझायनर, पुणे