रविवारी रामेन (रश्श्यातल्या जपानी नूडल्स) म्युझियम, येणाऱ्यांनी पूर्ण वाचा प्लीज

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10:30 ला शिन-योकोहामा स्टेशनला जेआरच्या (जपान रेल्वेच्या) तिकीट गेटबाहेर जमायचंय, तिथून चालत पाचेक मिनिटं. उशीर झाला तर थेट म्युझियमला या, आम्ही थांबणार नाही.

काचेच्या कपाटातल्या वाट्या बघायच्यात असं समजू नका, 1994 ला सुरू झालेल्या या म्युझियमच्या तळघरात 1958 सालची जपानी वस्ती उभी केलीय (त्याच साली इन्स्टंट रामेन बाजारात आलं), अरुंद बोळ, जुन्या पाट्या, वर कायम संध्याकाळचं आभाळ, आणि मधेमधे जपानच्या वेगवेगळ्या भागांतल्या रामेनची खरीखुरी चालू दुकानं. साप्पोरोचा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा) रस्सा वेगळा, हाकाताचा डुकराच्या हाडांचा दुधाळ रस्सा वेगळा, ही गंमत कळते तिथे. दुकानं बदलत असतात, त्यामुळे यादी मागू नका.

नियम त्यांचेच आहेत, वाद घालू नका:

- दुकानात बसलं की मोठ्यांनी माणशी एक बाऊल घ्यायचाच, दोघांत एक चालत नाही. मिनी साइज घ्या, म्हणजे दोन दुकानं तरी होतील.
- ऑर्डर मशीनवर, सुट्टे येन आणा.
- व्हेज मंडळी, वरचं मांस काढलं तरी रस्सा हाडांचा किंवा माशांचाच असतो. व्हेज रामेन काही दुकानांतच मिळतं, म्हणून व्हेज किती आणि ॲलर्जी कोणाला ते शुक्रवारपर्यंत इथेच टाका.
- दुपारी रांगा लागतात, लहान मुलांना थोडं खाऊन आणा.

एंट्रीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं.