परळच्या ओपीडीतल्या समाजसेविका ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

मनोविकार विभागाच्या ओपीडीबाहेर रोज इतकी माणसं बसलेली असतात, त्यात आम्ही तुमच्या लक्षात असूच असं नाही. बाबा गेल्यापासून झोप उडालेली, जेवण तुटलेली आई, आणि तिचा केसपेपर धरून मी, अशा आम्ही डोंबिवलीहून आलो होतो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, जोडीला कौन्सेलिंग घ्या म्हणाले आणि तुमच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे जे झालं त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानायचे आहेत.

त्याआधी आम्ही एका खाजगी थेरपिस्टकडे जाऊन आलो होतो. फी माझ्या पगाराला झेपणारी नव्हती आणि त्या बोलायच्या इंग्रजी नाहीतर हिंदीत. आईला हिंदी कळतं. पण बाबांच्या शेवटच्या रात्रीचं सांगताना तिला शब्द सापडेनात. थोडा वेळ चाचपडली, मग "सब ठीक है" म्हणून उठलीच. परतताना गाडीत म्हणाली, "मला नाही जमायचं हे."

तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत, "येता कुठून? आणि कुठल्या भाषेत बोललं की बरं वाटतं?" आमचं ऐकून घेतल्यावर आईकडे वळून म्हणालात, "मावशी, नाही पटलं तर बदलायचं. त्यात त्यांचा अपमान नाही आणि तुमचंही काही चुकलं नाही. दोन-तीनदा भेटा, मग ठरवा." आईच्या पिढीला डॉक्टर बदलणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. हे तिला कोणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि माझ्याकडून तिने ते ऐकलं नसतं.

मग एका कोऱ्या कागदावर तुम्ही लिहून दिलंत. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ देणार, कमी किंवा बंद करायच्या तर त्यांनाच विचारून. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजायचं नाही. कौन्सेलर असतील तर शिक्षण काय आणि जोडीदार गेलेल्या माणसांबरोबर आधी काम केलंय का, हे फोनवरच विचारायचं. फी कमी होते का, सेशन चुकलं तर पैसे भरावे लागतात का, हेही. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात १४४१६, टेलि-मानसचा नंबर. २०२२ मध्ये सुरू झालेली ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री-अपरात्रीही फोन लागतो, एवढं तुम्ही आईला दोनदा सांगितलंत. रात्रीचीच तिला भीती होती.

तुम्ही सुचवलेल्या नावांपैकी एक ठाण्याचं होतं. ते ऐकताच आईचा चेहरा उतरला. मुंबईत "ठाण्याला पाठवायचं" म्हणजे काय, हे तिच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नाही. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे तिथे. तुमच्या ते लगेच ध्यानात आलं. "मावशी, नौपाड्यात साधा दवाखाना आहे, खाली मिठाईचं दुकान," म्हणालात. आणि तिने दबक्या आवाजात विचारलं, "कोणाला कळणार नाही ना?" तेव्हा उडवून न लावता तुम्ही तिला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याबद्दल समजावलंत, की उपचारांची माहिती गुप्त राहणं हा तिचा हक्क आहे. रांग दारापर्यंत गेली होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत.

आई आता नौपाड्याला जाते. सुरुवातीला मी सोबत असायचे, आता दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने एकटीच जाते. तिथल्या बाई मराठीतच बोलतात आणि आई बाबांबद्दल बोलते. घरी माझ्याशी अजून फारसं बोलत नाही, पण तिथे बोलते. काही रात्री अजूनही जड जातात. जेवण सुधारलंय.

तुमच्या त्या कागदाचा फोटो मी ऑफिसातल्या दोघींना दिला. त्यातली एक आपल्या भावासाठी मराठी बोलणारं कोणी शोधते आहे. तिलाही तुमच्याकडेच पाठवते.

आईला तुम्हाला भेटायचं आहे. ओपीडीच्या वेळात तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून दुपारनंतर येऊ.

तुमची,
डोंबिवलीच्या मावशींची मुलगी