‘जातो’ म्हणजे ‘गो’ : ही चौकट पुरत नाही

संपादक महोदय,

इंग्रजीचा साधा आणि चालू वर्तमानकाळ शिकवताना बहुतेक गाइडांत एकच चौकट असते: ‘जातो’ म्हणजे ‘गो’, ‘जात आहे’ म्हणजे ‘ॲम गोइंग’. पाठांतराला ती सोपी आहे, पण बोलायला लागलं की लगेच दगा देते. निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो, त्याचं इंग्रजी ‘आय ॲम लीव्हिंग’. हाक आली की ‘आलोच’ म्हणतो, म्हणजे चक्क भूतकाळ. तिथे इंग्रजी माणूस ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते चित्रवर्णनात. ‘ती खुर्चीवर बसली आहे’ हे आपल्याकडे पूर्ण वर्तमानकाळाचं रूप, म्हणून मुलं ‘शी हॅज सॅट’ लिहितात. इंग्रजीच्या लेखी बसलेली अवस्था चालू आहे, म्हणून ‘शी इज सिटिंग’. उभा आहे, झोपला आहे, चष्मा घातला आहे या सगळ्यांचं तेच: इज स्टँडिंग, इज स्लीपिंग, इज वेअरिंग. खरोखर ‘बसत आहे’ म्हणायचं असेल, तर पुढे ‘डाउन’ जोडतात.

उलट घोटाळा मनाच्या क्रियापदांत होतो. ‘मला कळतंय’, ‘आठवत नाहीये’ हे शुद्ध मराठी. पण ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग’ चालत नाही. नो, अंडरस्टँड, रिमेंबर, वाँट, नीड, बिलाँग ही स्थिती सांगतात, त्यांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही. काही क्रियापदं मात्र दुतोंडी आहेत. मत सांगताना ‘आय थिंक’, विचार चालू असताना ‘आय ॲम थिंकिंग’. ताप असेल तर ‘आय हॅव अ फीव्हर’, जेवत असाल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’. मॅकडोनाल्ड्सने 2003 पासून ‘आय ॲम लव्हिंग इट’ जगभर नेलं खरं, पण जाहिरातीची ती मोकळीक उत्तरपत्रिकेत मागू नये.

‘ती रोज पहाटे वाचत असते’ हा आपला रीती वर्तमानकाळ. ‘वाचत’ दिसलं की हात ‘रीडिंग’कडे जातो, पण सवय आहे म्हणून ‘शी रीड्स’. ‘ऑलवेज’सोबत ‘आयएनजी’ आलं की त्यात बहुधा कुरकुर असते: ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’.

‘ही गोइंग’ ही चूक का होते? ‘जातोय’मध्ये ‘आहे’ विरघळलेलं असतं, ते वेगळं ऐकूच येत नाही आणि ‘इज’ गळतं. ‘मी सहमत आहे’ याचं ‘आय ॲम ॲग्री’ होतं ते याच्या उलट कारणाने: ‘ॲग्री’ हे मुळातच क्रियापद, त्याला ‘ॲम’ नको. ‘डजन्ट गोज’मध्ये ‘एस’ची खूण दोनदा लागते, ती ‘डज’ने आधीच उचललेली असते.

म्हणून मराठी रूप बघून भाषांतर करण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावावी. क्रियापद ‘नो’, ‘वाँट’सारखं स्थितीचं आहे का? असेल तर साधा काळ, विषय संपला. क्रियेचं असेल तर ती आत्ता किंवा तात्पुरती चालू आहे, की नेहमीची? कायमची नोकरी ‘शी वर्क्स’, महिनाभराची बदली ‘शी इज वर्किंग’. उद्याच्या गोष्टींतही हा भेद टिकतो. वेळापत्रकातली गाडी ‘लीव्हज ॲट सिक्स’, ठरवलेली भेट ‘आय ॲम मीटिंग हर टुमॉरो’. ‘इफ’ आणि ‘व्हेन’नंतर मात्र भविष्याची गोष्टही साध्या वर्तमानकाळात: ‘इफ इट रेन्स’.

एक वाक्य या दोन्ही काळांत बसत नाही: ‘मी इथे तीन वर्षांपासून राहतोय’. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’मध्ये दोन चुका आहेत. इथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं. आणि तीन वर्षं हा कालावधी असल्याने ‘सिन्स’ नव्हे, ‘फॉर’.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक