वस्ताद, इंजिन न खोलल्याबद्दल आभार

आदरणीय वस्ताद,
स.न.वि.वि.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत बसत नाही, हे ठाऊक आहे. पोरगा वाचून दाखवील. तरी हे चारचौघांसमोर लिहितोय, कारण जुन्या गाड्यांवर घर चालवणारे पुष्कळ आहेत आणि "इंजिन गेलं, काम काढा" हे प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे.

आमचा ट्रक, टाटा १६१३, ही गाडी सांगलीहून हळद, बेदाणे घेऊन पुण्या-मुंबईकडे जाते. परतीला खत नाहीतर सिमेंट. सपाटीला ठीक चालायची, पण भरल्या गाडीने खंबाटकी घाट चढायला लागलं की ओढच संपायची. मागे काळाकुट्ट धूर. ॲव्हरेज लिटरला ४.४ किलोमीटरवरून ३.२ वर आलेलं, म्हणजे शंभर किलोमीटरमागे आठ लिटरहून जास्त डिझेल फुकट. एका गॅरेजात इंजिनाला डिझेल देणारा पंप वाढवून दिला, तर धूरच वाढला. दुसरीकडे लायनर-पिस्टनसकट सगळं काम सांगितलं. तो आकडा ऐकून घरात कुणाला जेवण गेलं नव्हतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही पाना उचलला नाहीत. आधी विचारलंत, "ऑइल किती पितं?" मी म्हटलं, बदली ते बदली टॉप-अप लागत नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलंत, ब्रीदरपाशी, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी, हात धरलात. बॅक कॉम्प्रेशन नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली निसटत नाही. धुरात निळा रंग नाही. "रिंगा चांगल्या आहेत. याला खोलायचं नाही," एवढंच म्हणालात. वस्ताद, त्या एका वाक्याने माझ्या डोक्यावरचं किती ओझं उतरलं, ते तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, म्हणजे एकतर डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, हे तुम्ही माझ्या ड्रायव्हरलाही समजावलंत. एअर फिल्टर धुळीने भरलेला होताच. पण खरी गोष्ट टर्बोपासून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून, मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीकडे) जाणाऱ्या रबरी होजमध्ये होती. जॉइंटच्या खाली तेलकट काळा ओघळ होता. तो सगळ्यांना दिसलेला. "जुनी गाडी आहे, पाझरणारच" म्हणून सगळ्यांनी सोडलेला. तुम्ही तो पुसलात आणि होज वाकवून आतली चीर दाखवलीत. उभ्या गाडीला रेस देऊन ती कधीच सापडली नसती, कारण लोड नसताना टर्बो प्रेशर धरत नाही. घाटात प्रेशर आलं की चीर उघडायची, हवा बाहेर जायची आणि वाढवलेला पंप डिझेल ओततच राहायचा.

दुसरा कुणी असता तर होज बदलून पैसे घेऊन मोकळा झाला असता. तुम्ही गाडी घेऊन हायवेवर गेलात, शक्यतो ब्रेक न मारता परत आलात आणि चाकांच्या एकेका ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन बघितलात. मागचा डावा ड्रम चटका बसेल इतका तापलेला. ब्रेकचा कॅमशाफ्ट ग्रीसअभावी जाम, ब्रेक सुटतच नाही, ब्रेक लायनर ड्रमला घासतायत! इंजिनाचा दोष म्हणून आम्ही जे हुडकत होतो, त्यातला काही भाग चाकात होता. ॲव्हरेज कमी झालं की नजर इंजिनावरच जाते, चाकाकडे कुणी बघत नाही. हे प्रत्येक गाडीवाल्याने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पंपाला मात्र तुम्ही हात लावला नाहीत. सील तुटलेलं बघून म्हणालात, "हे स्क्रूचं काम अंदाजाने करायचं नसतं," आणि पंप बेंचवर, म्हणजे तपासणीच्या मशीनवर, लावायला पाठवलात. सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल सोबत दिलेत; त्यातलं एक फवारा मारायच्या ऐवजी थेंब गाळत होतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचे गॅप, स्वतः लावलेत. एक्झॉस्टचा गॅप जास्त का ठेवायचा, तो व्हॉल्व्ह जास्त तापून लांबतो म्हणून, हेही पोरांना काम करता करता सांगत होतात. तुमच्या हाताखालची पोरं नशीबवान आहेत.

आता टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तर भरल्या गाडीला ४.३ पडतंय. खंबाटकीत तिसरा गिअर टिकतो. धूर चढाला जरासा, बाकी स्वच्छ.

आमच्या घरचे सगळे तुमचे ऋणी आहेत. आईने खास सांगितलंय, तिचा नमस्कार कळवायचा. तुम्ही बिलात होज, फिल्टर आणि ग्रीस धरलंत, पंपवाल्याचे पैसे परस्पर त्याला द्यायला लावलेत आणि स्वतःच्या मजुरीचं विचारलं तर "पुढच्या खेपेला बघू" म्हणालात. टॅपेट परत बघायला तुम्ही गाडी बोलावली आहे. ती घेऊन येतोय. या वेळी दोन्ही कामांची मजुरी पूर्ण घ्यायची, नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
१६१३ वाला, सांगली