बांधावरचं गवत राहू दिलंत, मावशी

प्रिय मावशी,

तुमच्याकडं साधा फोन आहे, म्हणून हे पत्र तुमच्या नातीला पाठवतेय. ती वाचून दाखवेल. चारचौघांत अशासाठी लिहितेय, की सासवडपलीकडच्या तुमच्या माळावर काढलेल्या फुलपाखरांच्या फोटोंचं सगळं कौतुक माझ्याच वाट्याला येतंय आणि ते मला पटत नाही.

दोन वर्षं मी ऑक्टोबरात तिथं येत होते, पण दहा-साडेदहाला. तोवर ऊन चढलेलं, फुलपाखरं एका जागी ठरेनात. फ्लॅश मारला की पंख पांढरे चकाकायचे आणि मागचा माळ काळाठिक्कर. यंदा तुम्ही विळा घेऊन बांधावर आलात, माझी धावपळ पाहिलीत आणि म्हणालात, "मागं पळून घावत्यात व्हय? उद्या ऊन यायच्या आदी येऊन बस. पयलं ऊन त्या रुईपाशी येतं."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला पोचले. गवत दवानं चिंब, तुम्ही पोतं अंथरून दिलंत. रुईशेजारी खुळखुळ्याच्या काडीला दोन स्ट्राइप्ड टायगर फुलपाखरं पंख मिटून लटकलेली. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही, हे मी वाचलं होतं. ते ऊन तुमच्या रानात आधी कुठं उतरतं, हे कुठल्या पुस्तकात असणार?

मग डोंगराआडून ऊन आलं आणि एकदांडीच्या फुलावर ब्लू पॅन्सी फुलपाखराचा नर येऊन बसला. त्याच्या मागच्या पंखांवरची निळाई रंगद्रव्याची नसते. पंखांवरच्या बारीक खवल्यांची रचनाच अशी असते, की त्यांवरून परतणारा उजेड निळा दिसतो. त्या तिरप्या उन्हात ती निळाई अशी पेटली, की मी क्षणभर कॅमेरा विसरले. मग पोटावर झोपले, माझी सावली त्याच्यावर पडणार नाही इतपत बाजूला सरकले आणि लेन्स पंखांच्या समोर सरळ धरली. तो सोंड एका पिवळ्या फुलातून काढून शेजारच्यात घालत होता. एकदांडीचं फूल म्हणजे अशा बारीक फुलांचा अख्खा गुच्छच असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

नऊनंतर ऊन कडक झालं, तेव्हा वाळवणावर घालायचं पांढरं फडकं तुम्ही फुलावर आडवं धरून उभ्या राहिलात. उजेड दुधासारखा मऊ झाला. तेरड्यावरचे सगळे फोटो त्या फडक्याखालचे आहेत. हात भरून आले असतील, पण एका शब्दानं बोलला नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही. तो बांध त्याच दिवशी कापायचा होता. म्हशीची वैरण तिथलीच. टाकळ्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांची अंडी दाखवली, तर तुम्ही वाकून बघितलीत आणि विळा कमरेला खोचलात. आठवडाभर ओढ्याकाठून भारे डोक्यावर वाहिलेत. मी पैसे पुढं केले, ते तुम्ही घेतले नाहीत. त्या वेळी मला नीट बोलताही आलं नाही, म्हणून आज मनापासून म्हणते, मावशी, तुमचे फार फार आभार.

दिवाळीआधीच्या रविवारी फोटो मोठे छापून घेऊन येतेय. पोतं चुकून माझ्या गाडीत आलं होतं, तेही धुऊन वाळवून ठेवलंय.

तुमची,
पुण्याची पोर