ठकूच्या चोचीला तुम्ही हात लावला नाहीत, म्हणून

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि काकूंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. ज्यांच्या घरी पाखरू आहे, त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळावं असं फार वाटतं.

गेल्या श्रावणात ठकूचं, म्हणजे आमच्या छोट्या बजरीगर पोपटाचं, नख खिडकीच्या पडद्यात अडकलं होतं. एका पायावर उलटी लटकून ती फडफडत होती आणि लेक रडत तुमच्या दाराशी धावली होती. तुम्ही आधी पडद्याचा धागा कापलात, मग तिला पंच्यात घेतलंत आणि पाय हलका चाचपून म्हणालात, "हाड शाबूत आहे. पण नखं बघा, आकडे झालेत."

त्याआधी एकदा आम्ही तिची नखं एका दुकानात कापून घेतली होती, हे तुम्हाला तेव्हा सांगायची लाज वाटली होती. नख खोलवर कापलं गेलं आणि रक्त थांबेना. मी हळद दाबून धरली, कसंबसं थांबलं. नंतर तुम्ही लेकीच्या वहीत हिशोब मांडून दाखवलात : पाखराच्या अंगात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा रक्त. म्हणजे 35 ग्रॅमच्या बजरीगरमध्ये सगळं मिळून साडेतीन मिलिलिटर, चहाचा चमचाही भरत नाही. त्यातले सात-आठ थेंब गेले तरी काळजीच. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. तेव्हापासून ठकूला हात लावताना मला तो चमचा आठवतो.

तुमचा पहिला प्रश्नही लक्षात आहे. पोपट म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, "आपला हिरवा, लाल चोचीचा तर नाही ना?" तो पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्या मजल्यावर कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. ठकू बजरीगर, मूळची ऑस्ट्रेलियाची, पिवळीधमक आणि लाल डोळ्यांची. बाजारात हिला सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात. लव्हबर्ड वेगळा, आफ्रिकेतला, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग तुम्ही मला नखं कापायला शिकवलंत. पशुधन पर्यवेक्षक म्हणून तुमची उभी हयात गुरांच्या खुरांत गेली. खुरात जसा जिवंत भाग असतो तसाच नखातही असतो, एवढ्या एका वाक्यात माझी अर्धी भीती गेली. संध्याकाळी दिवा मंद केलात, कारण अंधुक उजेडात पाखरू शांत होतं. जुना मऊ पंचा घेतलात. अंगठा आणि पहिलं बोट डोक्याच्या दोन बाजूंना, जबड्याशी. छातीवर मात्र कणभरही दाब नाही. पाखराला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. प्रेमाने घट्ट धरलं तरी जीव गुदमरतो. हे तुम्ही तीनदा सांगितलंत आणि तिन्ही वेळा माझी बोटं स्वतः सैल केलीत.

ठकूची नखं फिकी, त्यामुळे मागून टॉर्च धरला की आतली गुलाबी रेघ दिसते. रेघेच्या बऱ्याच अलीकडे, फक्त आकड्याचं टोक. काळ्या नखांत ही रेघ दिसत नाही, तिथे कात्रीऐवजी कानसच बरी, असं तुमचं म्हणणं. शेजारी वाटीत कॉर्नफ्लॉवर तयार हवं. रक्त आलंच तर टोक त्यात दाबून धरायचं. चोच उघडी टाकून, शेपूट वरखाली करत ती श्वास घ्यायला लागली की काम अर्धवट असलं तरी सोडायचं. आज एक पाय, दुसरा उद्या. घाई करायला कुणी सांगितलंय, असं म्हणालात.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते तुमच्या नकाराचे.

ठकूची वरची चोच वाढून खालच्या चोचीवरून पुढे आली होती. दाणा सोलताना तिची धडपड दिसत होती. मी मोबाइलवर चोच कापण्याचे व्हिडिओ बघून ठेवले होते, आणि नखांवर हात बसल्यावर लगेच म्हणाले, आता चोचही करून टाकू. तुम्ही कात्री बाजूला ठेवलीत. "चोच म्हणजे मोठं नख नव्हे. वरून नखासारखा थर, पण आत हाड आहे, रक्त आहे, नसा आहेत. आणि निरोगी पाखराची चोच अशी वाढत नाही. ते घासून घासून स्वतःच बेतात ठेवतं." झोपताना ठकूची जी बारीक करकर ऐकू येते, ती चोचीवर चोच घासण्याचीच, हे मला तेव्हा समजलं. मी इतकी वर्षं ती कुरकुर करते असं समजत होते.

तुम्ही भिंग आणलंत. चोचीच्या मुळाशी मधाच्या पोळ्यासारखी खपली आहे का ते पाहिलंत. ती असती तर खरजेचे किडे, म्हणालात. खपली नव्हती. मात्र चोचीत दोन काळपट डाग होते. तुमचा चेहरा बदलला. "हे यकृताचं असू शकतं. इथे माझं काम संपलं. डॉक्टर, आणि तेही पक्षी बघणारे."

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून स्लो लोकलने परळला जाताना, पिंजरा मांडीवर घेऊन, तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात. बैलघोडा हॉस्पिटलवरून, म्हणजे परळच्या जनावरांच्या दवाखान्यावरून, जाताना तुम्ही लेकीला सांगितलंत की मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथेच 1886 साली सुरू झालं. तिचं मन रमावं म्हणून सांगत होतात, हे मला कळत होतं.

डॉक्टरांनी तपासून यकृतावर चरबी असल्याचं सांगितलं. वर्षानुवर्षं फक्त कांग आणि सूर्यफुलाच्या बिया, आणि बिया तिला आवडतात म्हणून मी वाटी भरभरून घालत होते. चोच त्यांनी बारीक फिरत्या यंत्राने घासून काही मिनिटांत नीट केली. कात्री लावली असती तर चोच उभी चिरली असती, कदाचित, असंही ते म्हणाले. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

त्यानंतरचे चार महिने तर तुम्हीच निभावलेत. पाखरू अनोळखी खाणं खाणं म्हणून ओळखत नाही, बिया एकदम बंद केल्या तर ते उपाशी मरेल, म्हणून थोडं थोडं. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर. ओली मेथी पिंजऱ्याला टांगल्यावर ठकूने आधी तिच्यात अंघोळ केली, मग एक पान कुरतडलं, आणि लेकीने तुम्हाला रात्री साडेनऊला फोन केला! रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. 47 ग्रॅमवरून ती आता 39 वर आहे.

प्लॅस्टिकच्या एकसारख्या दांड्या तुम्ही काढायला लावल्यात, आणि त्यांच्यावर मी हौसेने चढवलेलं पॉलिश पेपरचं आवरणही. त्याने नखं झिजत नाहीत, तळवे मात्र सोलतात. त्या जागी तुमच्या गावाकडून आणलेल्या पेरूच्या फांद्या, सालीसकट, कुठे जाड कुठे बारीक, धुऊन उन्हात वाळवलेल्या. अलिबागच्या किनाऱ्यावरून समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या अंगातल्या पांढऱ्या कवचाचा, तुकडाही आणलात, उकळून, वाळवून. ठकू त्यावर दुपारभर चोच चालवते. डॉक्टरांकडे चोचीसाठी पुन्हा जावं लागलेलं नाही. नखंही आता तीन महिन्यांनी एकदा, तीही नुसती कानशीने.

काल संध्याकाळी पहिल्यांदा लेकीने धरलं आणि मी घासलं. तिची बोटं तुमच्यासारखीच सैल होती. डावा पाय झाला, ठकूने एकदाही चोच उघडली नाही. उजवा आज करायचा आहे. तुम्ही यायची गरज नाही, पण आलात तर लेकीला फार आनंद होईल. टॉर्चचे सेल बदलून ठेवले आहेत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची