कॅफे रेसर जरूर करा, पण चॅसीला करवत लावू नका

मा. संपादक,

महोदय,

गोठ्याच्या आडोशाला, वाड्याच्या परड्यात किंवा गॅरेजच्या मागे वर्षानुवर्षे गंजत पडलेली येझदी, राजदूत किंवा बुलेट विकत घेऊन तिची ‘कॅफे रेसर’, म्हणजे खाली हँडल आणि एकट्याची सीट असलेली शर्यतीच्या थाटाची गाडी, करून घेण्याची हौस कोल्हापुरातील तरुणांत दिसते. भंगाराच्या काट्यावर जाणारी गाडी पुन्हा रस्त्यावर येते याचा आनंदच आहे. बोअरिंग, टर्निंग, वेल्डिंग आणि ओतकाम हे सगळे चार गल्ल्यांत मिळणाऱ्या शिवाजी उद्यमनगरासारखी सोयीची जागाही या कामाला क्वचितच सापडेल. परंतु याच भागात लेथवर काम केलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट खटकते. गाडी दारात आली की आधी चॅसीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, मागचा भाग कापला जातो, त्यावर एकट्याची कुबडदार सीट बसते, हँडल खाली येते, सायलेन्सरच्या जागी पुंगळी लागते. इंजिन आणि ब्रेक यांच्याकडे मात्र शेवटी पैसे उरले तर पाहिले जाते.

ज्या ब्रिटिश तरुणांपासून हा प्रकार आला, त्यांचा क्रम याच्या उलट होता. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या या मंडळींना ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा वेग गाठायचा होता. त्यासाठी त्यांनी नॉर्टनच्या उत्तम चॅसीत ट्रायम्फचे दमदार इंजिन बसवून ‘ट्रायटन’ घडवली. खाली आलेले हँडल आणि मागे सरकलेले फूटरेस्ट हे वाऱ्याला कमी अडथळा व्हावा म्हणून होते. आपल्याकडील कॅफे रेसरला तसा वेग गाठायचा नसतो, आणि रंकाळ्यापासून दसरा चौकापर्यंतच्या गर्दीत तो गाठूही नये. पण म्हणून नुसते रूप उचलायचे आणि यंत्राकडे पाठ फिरवायची, हे मला पटत नाही.

येझदीचेच पाहू. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील या गाड्यांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे आज हाती येणाऱ्या सर्वांत नव्या गाडीचेही वय बरेच झाले आहे. तिच्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची पेटी, हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी तिथेच दाबले जाते. उभ्या गाडीत क्रँकची ऑइल सील कडक होऊन फटी पडतात. एका बाजूने हवा शिरली की मिश्रण पातळ होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये धरतो. दुसऱ्या बाजूने गिअरकेसमधले ऑइल ओढले जाऊन पांढऱ्या धुराचा लोट निघतो. नवा पिस्टन टाकून आणि सिलिंडर बोअर करूनही गाडी महिनाभरात पुन्हा जाम झाली, तर दोष बोअरवाल्याला दिला जातो. बिघाड मात्र न बदललेल्या त्या स्वस्त सीलमध्ये असतो. सायलेन्सर कापण्याने तर शक्ती वाढण्याऐवजी घटते, कारण टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये रोखून धरण्यास मदत करते. पुंगळी लावल्यावर ते मिश्रण न जळताच बाहेर जाते आणि शेजाऱ्यांची झोपही जाते. ब्रेकचे काम याहून सोपे आहे: ड्रम ओव्हल झाला असेल तर लेथवर गोल करून घ्यावा आणि त्याच मापाचे नवे लायनर बसवावेत.

आता चॅसीविषयी. मागच्या नळ्यांचे सांधे आणि शॉकअपचे टेकू यांचा एकमेकांना आधार असतो. तिथे कापून घाईत वेल्डिंग केलेली नळी पन्हाळ्याच्या चढावर, दोन माणसांच्या वजनाखाली किती टिकेल, याची खात्री वेल्डिंग करणाराही देणार नाही. फूटरेस्ट मागे नेण्याचा आग्रह तर येझदीत आणखी अडचणीचा आहे. तिचा गिअर आणि किक एकाच दांडीवर असल्याने फूटरेस्ट हलवताच दोन्हींचा मेळ बिघडतो. हँडल, सीट, दिवे, मडगार्ड हे सारे नटबोल्टने बसणारे व पुन्हा काढता येणारे ठेवले, तरी कॅफे रेसरचे रूप पुरेसे साधते. पावडर कोटिंगला देताना चॅसी नंबरवर टेप लावण्यास न विसरता सांगावे. तो नंबर ग्राइंडरखाली किंवा रंगाखाली गेला की कागदपत्रांचा घोळ निस्तरता निस्तरत नाही.

कायद्याची बाजूही हेच सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या दुचाकीची ‘विंटेज’ म्हणून दहा वर्षांसाठी नोंदणी होऊ शकते. मात्र ती मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चॅसीत वा इंजिनात फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे सर्व भाग शाबूत असलेल्या जुन्या गाडीला करवत लावणारा तिचा हा हक्क कायमचा घालवतो. अशी गाडी मूळ रूपातच उभी करावी आणि हौस भागवायला अर्धे भाग हरवलेली गाडी शोधावी, असे माझे मत आहे.

कोणते बदल चालतात, कोणत्यांची नोंद गाडीच्या आरसी पुस्तकात करून घ्यावी लागते आणि कोणते मुळीच चालत नाहीत, याची माहिती तरुणांना बहुधा रस्त्यात गाडी अडवल्यावरच होते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने याविषयीचे सोप्या मराठीतील पत्रक काढून ते उद्यमनगरातील गॅरेजांत आणि वेल्डिंगच्या दुकानांत लावण्यास द्यावे, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर